चौकोनी भुयारं आणि न थांबणारं घड्याळ

संगणकावरचे गेम विकणाऱ्या स्टीमच्या ऑनलाइन दुकानात ‘डन्जन क्रॉलर’, म्हणजे भुयारात उतरून लढायचा गेम, हे शब्द टाकून शोधून बघा. पत्त्यांचे डाव येतील, वरून दिसणारी छोटी बाहुली भुयारात पळवायचे गेम येतील, राक्षस समोर निवांत उभा आहे आणि तुम्ही मेन्यूतून ‘हल्ला’ निवडताय असे जपानी गेमही येतील. लेबल सगळ्यांवर एकच. पण ज्याला स्वतःच्या डोळ्यांनी अंधाऱ्या बोळात शिरायचंय, आपली माणसं हळूहळू तयार करायची आहेत आणि समोरचं जनावर आपली वाट न बघता अंगावर यायला हवंय, त्याच्या कामाचे यातले फार थोडे.

मागणी फार मोठी नाही. दृश्य पात्राच्या डोळ्यांतून दिसावं. पात्रांचं कसब, हत्यारं, जादू वाढत जावी, म्हणजे गेम रोल-प्लेइंग प्रकारातला असावा. आणि वेळ खरा चालावा. घोळ होतो तो या तिसऱ्या अटीवर, कारण वेळ चित्रात दिसत नाही. १९८१ साली ॲपल टू संगणकावर आलेल्या ‘विझर्ड्री’पासून डोळ्यांतून दिसणाऱ्या भुयारांची एक मोठी परंपरा आहे, पण त्यातली लढाई पाळीपाळीने होते: तुम्ही हुकूम द्या, मग राक्षस वार करणार, मग पुन्हा तुम्ही. तुम्ही उठून चहा करून आलात तरी तो जागचा हलत नाही. ‘एट्रियन ओडिसी’, ‘माइट अँड मॅजिक टेन’, ‘ऑपरेन्सिया’ हे सगळे याच परंपरेतले. गेम म्हणून चांगले आहेत, पण स्क्रीनशॉटमध्ये हुबेहूब आपल्याला हवे तसे दिसतात आणि घरी आणल्यावर निराशा होते.

म्हणून स्क्रीनशॉट बघून पैसे देऊ नयेत. ट्रेलरवरही विसंबू नये, त्यात कापाकापी असते. कोणीतरी सलग खेळतानाचा, शक्यतो बडबड नसलेला व्हिडिओ काढा आणि दोनच गोष्टी बघा. खेळणारा पिशवी उघडून सामान चाळत असताना मागे राक्षस चालत येतोय का? आणि वार केल्यावर हत्याराचं किंवा हाताचं चित्र थोडा वेळ करडं पडतं का? हा तो ‘कूलडाउन’, म्हणजे हात सावरायला लागणारा वेळ. दोन्ही असलं तर घड्याळ चालू आहे.

आता गंमत अशी की घड्याळ चालू असलेल्या या गेमांची दोन घराणी आहेत, आणि एकाचा चाहता दुसऱ्याचा असेलच असं नाही. एका घराण्यात भुयार चौकोनांचं असतं. एक बटण, एक चौकोन. वळायचं तर थेट काटकोनात. चार जणांची चौकडी एकाच चौकोनात दाटीवाटीने उभी असते, दोन पुढे, दोन मागे, आणि ती सगळी एकत्रच हलते. इंग्रजीत या प्रकाराला ‘ब्लॉबर’ म्हणतात. शोधताना हा शब्द कामाला येतो. दुसऱ्या घराण्यात चाल मोकळी: पळा, उड्या मारा, मान वर करून छताकडे बघा.

चौकोनी घराण्याचा मूळपुरुष म्हणजे ‘डन्जन मास्टर’. एफटीएल गेम्स या अमेरिकी कंपनीने १९८७ च्या डिसेंबरमध्ये तो अटारी एसटी संगणकावर आणला. घड्याळ चालू असलेलं भुयार त्याआधीही होतं. टँडीच्या टीआरएस-८० कलर कॉम्प्युटरवरच्या ‘डन्जन्स ऑफ डॅगरॅथ’मध्ये हुकूम टाइप करावे लागत, आणि जीव किती उरलाय ते आकड्यात कळत नसे, हृदयाचे ठोके ऐकून ओळखावं लागे. धावलात, मार खाल्लात की ठोके वाढायचे. फारच वाढले की शुद्ध जायची. कल्पना आजही कोणी उचलावी अशी आहे. पण पुढे ज्याची नक्कल सगळ्यांनी केली तो साचा ‘डन्जन मास्टर’चाच.

त्यात सुरुवातीला एका दालनात आरसे टांगलेले असतात, आरशांत चोवीस वीर अडकलेले. त्यातून जास्तीत जास्त चार निवडायचे आणि खाली उतरायचं. भूक लागते, तहान लागते, मशाली विझतात. स्क्रीमर नावाचा झाडासारखा कवकराक्षस मारला की त्याच्या चकत्या खाता येतात, आणि पोट रिकामं असलं की माणूस मुद्दाम त्यांच्या शोधात परत मागे जातो. तलवार चालवली की योद्धा म्हणून कसब वाढतं, मंत्र म्हटले की जादूगार म्हणून. जे कराल ते येईल. मंत्रही यादीतून निवडायचे नाहीत, खुणा एकामागून एक जोडायच्या. आधी ताकदीची खूण, मग तत्त्वाची, मग रूपाची. ‘फुल’ ही आगीची खूण. ताकदीच्या खुणेपुढे नुसतं ‘फुल’ लावलं तर उजेड पडतो. त्यालाच ‘इर’ जोडलं तर आगीचा गोळा सुटतो. हे सगळं करताना ममी दोन चौकोनांवर आलेली असते आणि माऊसवरचा हात घामेजलेला.

त्यातली दारं मला सगळ्यात आवडतात. बोळाच्या तोंडाशी वरून खाली येणारं जड दार, बाजूच्या भिंतीवर बटण. राक्षस बरोबर दाराखाली आला की बटण दाबायचं. दार त्याच्या डोक्यावर आपटतं, अडकतं, वर उचललं जातं, पुन्हा आपटतं. तलवार म्यानातून न काढता लढाई जिंकता येते. दार ही सजावट नाही, ते हत्यार आहे हे एकदा कळलं की मग प्रत्येक खड्डा, प्रत्येक अरुंद वळण तुम्ही वेगळ्या नजरेने बघायला लागता.

या प्रकारातला चांगला गेम ओळखायची माझी कसोटी इथूनच येते. राक्षस किती आणि लूट किती हे विचारू नये. जागेच्या जोरावर जिंकता येतं का, ते विचारावं. भुयाराचा आकार बदलला तर लढाई बदलायला हवी. ती बदलत नसेल, तर घड्याळ चालू ठेवण्यात काही अर्थ उरत नाही, नुसती बटणं बडवण्याची घाई उरते.

चौकोन आणि चालू घड्याळ ही जोडी पहिल्यांदा विचित्र वाटते. आट्यापाट्या खेळलेल्याला मात्र समजवावं लागणार नाही: जमिनीवर चौकटी आखलेल्या आहेत, पण पाटी अडवणारा तुमच्या पाळीसाठी थांबत नाही. हुलकावणी द्यायची ती त्या चौकटींच्या हिशेबात.

‘लेजंड ऑफ ग्रिमरॉक’मधलं उदाहरण घेऊ. ऑलमोस्ट ह्यूमन या फिनलंडमधल्या चार जणांच्या चमूने हा गेम एप्रिल २०१२ मध्ये आणला आणि जवळजवळ विसरला गेलेला हा प्रकार पुन्हा जिवंत केला. चार कैद्यांना हवाई जहाजातून एका डोंगराच्या माथ्यावरच्या खड्ड्यात ढकलून देतात, तिथून खाली उतरत जायचं. सुरुवातीलाच अवाढव्य गोगलगाई भेटतात. समजा एक तुमच्या अगदी समोरच्या चौकोनात आहे. पुढच्या दोघांनी वार केले, दोघांचे हात करडे पडले. आता तिचा वार येणार. तुम्ही एक पाऊल डावीकडे सरकता आणि तिचा वार रिकाम्या जागेत जातो. तिला आता तुमच्याकडे वळायचंय, मग सरकायचंय, आणि दोन्हीला वेळ लागतो. तेवढ्यात तुम्ही एक पाऊल पुढे टाकून उजवीकडे वळलात की ती पुन्हा बरोबर समोर, आणि तीही कुशीकडून उघडी. एव्हाना हात सावरलेले असतात. हाणा, पुन्हा सरका. चार चौकोनांत गोल गोल फिरत एकही ओरखडा न घेता तिला संपवता येतं.

या फेऱ्याला इंग्रजीत ‘स्क्वेअर डान्स’ म्हणतात आणि जाणकारांत त्यावरून कायम भांडणं असतात. एक बाजू म्हणते हीच तर कला. दुसरी म्हणते ही पळवाट. दोन्ही बाजूंचं थोडंथोडं खरं आहे. सुमार गेममध्ये हा फेरा शिकलात की संपलं: उंदीर असो की ड्रॅगन, सगळे त्याच चार चौकोनांत मरतात. ग्रिमरॉकचे कर्ते हे ओळखून होते. त्यांचा ओगर नावाचा धिप्पाड राक्षस सरळ रेषेत धावत येऊन धडक देतो. कधी दोन शत्रू दोन बाजूंनी येतात, कधी लढाई एका चौकोनाच्या बोळात लावलेली असते, जिथे बाजूला सरकायला जागाच नाही. मग धावत मागे जाऊन आधी पाहिलेली मोकळी खोली गाठायची, किंवा जाळीचं दार पाडून घ्यायचं. म्हणजे पुन्हा जागाच.

कोडीही त्याच जातीची. खड्ड्यापलीकडे दाबाची फरशी आहे आणि तिच्यावर पाय ठेवता येत नाही. पिशवीतला दगड काढून नेम धरून फेका, त्याच्या वजनाने फरशी दबते. भिंतीतली एखादी वीट बाकीच्यांपेक्षा किंचित वेगळी दिसते, तिथे गुप्त कळ. काही कोडी चिठ्ठीवरच्या इंग्रजी कवितेत लपवलेली असतात आणि शब्दाची छटा हुकली तर अर्धा तास भिंतीशी डोकं आपटावं लागतं. तेव्हा उत्तर शोधायला इंटरनेट उघडण्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

२०१४ चा ‘ग्रिमरॉक टू’ भुयारातून बाहेर पडून एका बेटावर जातो, ऊन, समुद्र, जंगल सगळं आहे. तो मोठा आहे, कोडी जास्त कठीण आहेत, आणि बऱ्याच जणांच्या मते पहिल्यापेक्षा सरस. मला भुयाराचा कोंडलेपणा पहिल्यातच जास्त जाणवतो, म्हणून सुरुवात तिथूनच करावी असं मी सांगेन. नवख्याला सोपा पडेल असा आणखी एक म्हणजे स्लोव्हाकियातल्या फॅटबॉट गेम्सचा ‘व्हेपोरम’, २०१७ चा. यात चौकडी नाही, एकच माणूस लोखंडी चिलखती यंत्रात शिरून एका मनोऱ्यात वर वर चढतो. बोटं तेवढी चपळ नसतील तर वेळ थांबवून ठेवण्याची सोयही आहे: तुम्ही हललात तरच जग हलतं. शुद्धतावादी नाकं मुरडतील, मुरडू द्या.

जुन्या चौकोनी गेमांत वेळ घालवायचा असेल तर ‘आय ऑफ द बिहोल्डर’चे पहिले दोन भाग आहेत. वेस्टवुडने ते केले, तेच वेस्टवुड ज्यांनी पुढे ‘कमांड अँड कॉन्कर’ केला. वॉटरडीप नावाच्या शहराखालच्या गटारांतून सुरुवात होते, आणि वाटेत सापडणारी हाडं नीट सांभाळली तर त्या मेलेल्या वीराला पुन्हा उठवून टोळीत घेता येतं. दुसरा भाग, ‘लेजंड ऑफ डार्कमून’, पहिल्यापेक्षा चांगला. तिसरा वेस्टवुडचा नाही, आणि सोडलात तरी चालेल. वेस्टवुडनेच १९९३ मध्ये केलेला ‘लँड्स ऑफ लोर’ दिसायला आजही देखणा आहे आणि त्यात नकाशा आपोआप तयार होतो.

नकाशाचं सांगायलाच हवं. ‘बिहोल्डर’च्या मूळ भागांत नकाशा नाही. तो तुम्हीच काढायचा. शाळेची गणिताची चौकटीची वही घ्या, पेन्सिल घ्या, दर पावलाला एक चौकट. कंटाळवाणं वाटतं खरं, पण दोन मजल्यांनंतर कागदावर एक संशयास्पद रिकामी जागा दिसते, चहूबाजूंनी बोळ आणि मधे काहीच नाही. तिथे जाऊन भिंत चाचपली की ती सरकते. आपोआप निघालेल्या नकाशात हे डोळ्यांना तसं खुपत नाही. ग्रिमरॉकमध्येही नकाशा मुळातच बंद ठेवून खेळण्याचा पर्याय आहे. पहिल्या खेपेला तो घेऊ नका.

आता मोकळ्या चालीचं घराणं. इथे एकच नाव आधी घ्यायचं: ‘अल्टिमा अंडरवर्ल्ड’, मार्च १९९२. ‘वुल्फेन्स्टाइन थ्री-डी’ या गाजलेल्या गोळीबाराच्या गेमच्या दोन महिने आधीचा गेम, आणि त्यात उतार होते, पोहणं होतं, उडी होती, मान वर-खाली करून बघता यायचं. पॉल न्यूराथ आणि डग चर्च यांच्या चमूने तो केला; पुढे हीच मंडळी लुकिंग ग्लास स्टुडिओ म्हणून ओळखली गेली. आठ मजल्यांचं एक भुयार, पण ते राहतं भुयार आहे. पहिल्याच मजल्यावर गॉब्लिन या बुटक्या राक्षसांच्या दोन टोळ्या आहेत, आणि त्यांना मारलंच पाहिजे असं नाही. बोला, देवघेव करा. आणखी खाली सरड्यांसारख्या माणसांची वस्ती आहे, त्यांची भाषा शिकून घ्यावी लागते. मक्याचं कणीस पेटत्या मशालीवर धरलं की लाह्या होतात. गळ टाकून मासे धरता येतात. कसब वाढवायचं तर देवळाशी जाऊन मंत्र म्हणायचा, खरोखर ‘मंत्र’ हाच शब्द आहे आणि तो टाइप करायचा. नकाशा आपोआप निघतो आणि त्यावर आपल्या हाताने टिपणं लिहिता येतात. आजच्या कितीतरी महागड्या गेमांत एवढी साधी सोय नसते.

अडचण एकच, चालण्याची पद्धत आजच्या हाताला परकी आहे. पहिला तासभर भिंतींना धडकण्यात जातो. तो सोसवत नसेल तर २००२ चा ‘आर्क्स फॅटालिस’ घ्या. फ्रान्सच्या आर्केन स्टुडिओचा पहिला गेम, त्यांना खरं तर ‘अंडरवर्ल्ड’चाच पुढचा भाग करायचा होता. सूर्य विझलाय, म्हणून माणसं, ट्रोल, गॉब्लिन सगळे जमिनीखाली राहायला आलेत. मंत्र म्हणायचा तर माऊसने हवेत खुणा काढायच्या. लढाईत हात थरथरला की खूण बिघडते आणि मंत्र फुकट जातो. त्याचा सोर्स कोड नंतर खुला केला गेला, त्यामुळे चाहत्यांनी केलेली ‘आर्क्स लिबर्टाटिस’ ही सुधारित आवृत्ती मूळ गेमच्या फायलींवर टाकून खेळणं उत्तम.

जपानमध्ये याच वाटेने ‘किंग्ज फील्ड’ आला, डिसेंबर १९९४, पहिल्या प्लेस्टेशनवर. ‘एल्डन रिंग’वाल्या फ्रॉमसॉफ्टवेअरचा हा पहिला गेम. वार केला की ताकदीची पट्टी रिकामी होते, ती भरेपर्यंत थांबलात तरच पुढचा वार जोरात बसतो. चाल अतिशय संथ, आणि हा संथपणाच तुम्हाला घाबरवतो. शोधताना एवढं लक्षात ठेवा की जपानमधला दुसरा भाग अमेरिकेत ‘किंग्ज फील्ड’ या नावाने पहिला म्हणून विकला गेला, त्यामुळे क्रमांकांचा घोळ आहे. तीच हवा नव्या रूपात हवी असेल तर २०२३ चा ‘लुनासिड’ आहे, साध्या लॅपटॉपवर चालणारा आणि उदास सुंदर. ‘अंडरवर्ल्ड’ची आठवण येईल असा ‘मोनोमिथ’ २०२४ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पुरा होण्याआधीच विक्रीला, आला. आणि नाव बघून भुलू नका असा एक: ‘अंडरवर्ल्ड असेंडंट’, २०१८. न्यूराथ यांचंच नाव त्यामागे होतं, तरी समीक्षकांनी झोडपून काढला, आणि ते योग्यच होतं.

ज्यांत भुयार माणसाऐवजी प्रोग्रॅम जुळवतो अशा गेमांबद्दल मी जरा हात राखून आहे. ‘बॅरनी’ मित्रांबरोबर खेळायला मजेचा आहे, मेलात की पहिल्यापासून सुरू. १९९६ च्या ‘डॅगरफॉल’ची भुयारं ठोकळे जुळवून बनवलेली आहेत आणि इतकी अवाढव्य की आत गेलेला माणूस बाहेरचा रस्ता विसरतो. मूळ गेम बेथेस्डाने फुकट दिलाय आणि ‘डॅगरफॉल युनिटी’ या चाहत्यांच्या आवृत्तीमुळे तो आज सुखाने चालतो. पण ठोकळ्यांच्या भुयारात कोणी मुद्दाम बसवलेलं दार नसतं. कोपरा बघून ‘इथे काहीतरी आहे’ असा संशय यावा तर तो कोपरा कोणीतरी विचार करून ठेवलेला असावा लागतो.

व्यवहाराचं थोडं. यातल्या बहुतेक गेमांना महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ‘बिहोल्डर’चे पहिले दोन भाग आणि ‘लँड्स ऑफ लोर’ यांच्या फायली विकत घेऊन त्या स्कमव्हीएम या फुकट प्रोग्रॅममध्ये चालवता येतात, फोनवरसुद्धा. ‘अंडरवर्ल्ड’चे दोन्ही भाग गॉग या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात एकत्र मिळतात. स्टीमवर भाव रुपयांत असतात आणि उन्हाळी-हिवाळी सेलमध्ये जुने गेम चांगलेच उतरतात, तेव्हा पूर्ण किमतीला घेण्याची घाई नको. घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. दोन तास या प्रकाराला पुरेसे आहेत: तेवढ्यात दार, खड्डा किंवा कोपरा एकदाही लढाईत कामाला आला नाही, तर पुढेही येण्याची शक्यता कमी.

चौकोनी गेममध्ये काहींना गरगरतं, कारण दृश्य झटक्यात काटकोनात फिरतं. खोलीतला दिवा लावा, पडद्यापासून थोडं लांब बसा. ग्रिमरॉकमध्ये डब्ल्यू आणि एसने पुढे-मागे, ए आणि डीने बाजूला सरकायचं आणि क्यू आणि ईने वळायचं. पहिल्या मोकळ्या खोलीत, आसपास कोणी नसताना, सरकणं आणि वळणं हे दोन्ही बोटांना वेगवेगळं शिकवून घ्या. नवखे लोक मरतात ते बहुतेक सरकायच्या जागी वळल्यामुळे.

आणि ग्रिमरॉक संपला की लगेच दुसरा गेम शोधत बसू नका. त्याच्यासोबत भुयारं बांधायचं साधन मिळतं, आणि खेळणाऱ्यांनी बनवलेली ढीगभर भुयारं स्टीम वर्कशॉपवर, म्हणजे स्टीमच्याच देवघेवीच्या पानावर, फुकट पडली आहेत. बरीच कच्ची आहेत. ज्यांच्या वर्णनात कर्त्याने राक्षसांच्या संख्येऐवजी कोड्यांबद्दल लिहिलंय, ती आधी उतरवा.